फोनवरच्या व्हिडिओची जिफ बनवा एका कमांडने: एफएफएमपेग आत नेमकं काय करतं?

समजा तुमच्या मांजरीने कपाटावरून उडी मारली आणि नेमका तेव्हाच तुमचा कॅमेरा चालू होता. चार सेकंदांचा भन्नाट व्हिडिओ मिळाला. आता त्याची जिफ बनवायची आहे. एखादं फुकट अ‍ॅप घेतलं तर बऱ्याचदा आधी जाहिराती बघाव्या लागतात आणि शेवटी चित्राच्या कोपऱ्यात अ‍ॅपचा शिक्का बसतो. एखाद्या वेबसाइटवर गेलात तर बहुतेक वेळा व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर अपलोड करावा लागतो. मांजरीचं ठीक आहे, पण घरातल्या लहान बाळाचा किंवा मैत्रिणीचा व्हिडिओ असेल तर?

यावर एक जुना आणि मोफत उपाय आहे: एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केलं. यात बटणं नाहीत, स्क्रीन नाही. काय हवं ते एका ओळीत टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. अशा टूलला कमांड-लाइन टूल म्हणतात. सगळं काम तुमच्याच फोनमध्ये होतं, व्हिडिओ बाहेर जात नाही.

पण एक गंमत आहे. एफएफएमपेगने बनवलेल्या जिफ बरीच वर्षं ओबडधोबड दिसायच्या. २०१५ मध्ये २.६ ही आवृत्ती आली आणि चित्र पालटलं. असं काय बदललं? ते समजलं की तुमची जिफ खराब का येते तेही समजेल.

साठ फोटो एकामागून एक लावले की झालं ना?

नाही! एक फोटो सेव्ह करणं सोपं असतं. हलतं चित्र सेव्ह करताना मात्र टूलला तीन निर्णय घ्यावे लागतात: रंग कोणते, वेळ किती आणि आधीच्या फ्रेमचं काय करायचं.

१) रंगपेटी फक्त २५६ रंगांची

जिफ हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये आणला. त्याच्या एका रंगपेटीत, म्हणजे पॅलेटमध्ये, जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. तुमच्या फोनच्या व्हिडिओत लाखो छटा असतात. मग कोणते २५६ ठेवायचे?

जुनी पद्धत अशी होती की सगळ्या व्हिडिओंना एकच ठरलेली रंगपेटी. लाल रंगाच्या ८ पायऱ्या, हिरव्याच्या ८ आणि निळ्याच्या ४. गुणाकार केला की २५६. हिशोब जुळतो, पण तुमच्या व्हिडिओत जांभळा रंग अजिबात नसला तरी जांभळ्याच्या जागा अडलेल्याच राहतात. आणि मांजरीच्या तपकिरी छटांना मोजक्याच जागा मिळतात. म्हणून भिंतीवर पट्टे दिसायचे आणि चेहऱ्यावर डाग.

२.६ मध्ये दोन नवे फिल्टर आले: पॅलेटजेन आणि पॅलेटयूज. पहिला फिल्टर अख्खा व्हिडिओ बघतो, कोणते रंग किती वेळा येतात ते मोजतो आणि खास त्याच व्हिडिओसाठी रंगपेटी बनवतो. ही रंगपेटी म्हणजे १६ बाय १६ पिक्सेलचं एक छोटंसं चित्र असतं, प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक रंग. दुसरा फिल्टर त्या पेटीतून रंग उचलून प्रत्येक फ्रेम रंगवतो.

पेटीत नसलेला रंग दाखवायला तो जवळचे दोन-तीन रंग ठिपक्यांनी शेजारी-शेजारी मांडतो. याला डिदरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातला फोटो अगदी जवळून पाहिलात तर साधारण अशीच ठिपक्यांची युक्ती दिसते.

पॅलेटजेनला 'डिफ' हा पर्याय दिला तर तो हलणाऱ्या भागाच्या रंगांना जास्त महत्त्व देतो. मागची भिंत स्थिर आणि मांजर हलतेय, अशा व्हिडिओला हे मस्त लागू पडतं.

२) वेळेचं गणित

जिफमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात, तीही पूर्ण आकड्यात. तुमचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एका फ्रेमला ३.३३ भाग हवेत. ते लिहिताच येत नाही. मग ३, ३, ४ असं आलटून-पालटून लिहावं लागतं. २५ फ्रेम असतील तर मात्र बरोबर ४.

आणि खूप वेगवान करायचं म्हणून १ लिहिलं तर? अनेक ब्राउझर त्याला १० समजतात. म्हणजे सगळ्यात वेगवान करायला गेलात आणि जिफ रांगायला लागली!

जिफ पुन्हा पुन्हा फिरत राहते, तेही मूळ फॉरमॅटमध्ये नव्हतं. नव्वदच्या दशकात नेटस्केप ब्राउझरने ती सोय जोडली. आज तो ब्राउझर कोणी वापरत नाही, पण फिरत राहणाऱ्या जिफ फाइलच्या आत अजूनही नेटस्केपचं नाव लिहिलेलं असतं.

३) आधीची फ्रेम पुसायची की ठेवायची?

भिंत हललीच नाही तर ती साठ वेळा कशाला साठवायची? म्हणून टूल आधीची फ्रेम तशीच ठेवतं आणि फक्त बदललेला चौकोन साठवतं. त्या चौकोनातही जे पिक्सेल बदलले नाहीत ते पारदर्शक ठेवता येतात. फाइल लहान होते. हातात फोन हलत असेल तर मात्र प्रत्येक पिक्सेल बदलतो आणि ही बचत जवळजवळ संपते. म्हणून जिफसाठी शूट करताना फोन कशाला तरी टेकवा.

फोनवर कसं करायचं?

अँड्रॉइडवर टर्मक्स हे अ‍ॅप लागतं, ते एफ-ड्रॉइडवर मिळतं. त्यात एफएफएमपेग इन्स्टॉल करा (डेटा लागतो, वायफायवर करा) आणि फोनच्या स्टोरेजची परवानगी द्या. मग कमांडमध्ये एवढंच सांगायचं असतं:

- कोणता व्हिडिओ, कितव्या सेकंदापासून आणि किती सेकंद
- सेकंदाला किती फ्रेम (१२ ते १५ पुरतात)
- रुंदी किती (उंची प्रमाणात आपोआप ठरते)
- रंगपेटी बनव आणि वापर
- नव्या फाइलचं नाव

रुंदी आणि फ्रेम का कमी करायच्या, ते बघा. १०८० बाय १९२० चा चार सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम. एका पिक्सेलला एक बाइट धरला तरी दाबून लहान करण्याआधी साधारण २४९ एमबी होतात. तोच २७० बाय ४८० आणि १५ फ्रेम केला तर ८ एमबीपेक्षाही कमी. दाबल्यावर दोन्ही लहान होतील, पण सुरुवातच ३२ पट कमीपासून होते.

इथे बरेच जण अडकतात

इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच कमांड दोन्ही फिल्टर एकाच ओळीत चालवतात. छोट्या व्हिडिओला ठीक आहे. पण पॅलेटजेन शेवटची फ्रेम बघेपर्यंत रंगपेटी देत नाही. तोपर्यंत सगळ्या फ्रेम मेमरीत ताटकळत बसतात. व्हिडिओ मोठा असेल तर रॅम भरते आणि अँड्रॉइड टर्मक्सच बंद करून टाकतं. तुम्हाला वाटतं कमांड चुकली.

उपाय सोपा आहे, काम दोन टप्प्यांत करा. पहिल्या कमांडने फक्त रंगपेटीचं चित्र सेव्ह करा. दुसऱ्या कमांडला व्हिडिओ आणि ते चित्र, दोन्ही द्या. दोन्ही वेळा रुंदी आणि फ्रेमचे आकडे सारखेच ठेवा.

पण जिफच हवी का?

जिफ जवळपास सगळीकडे चालते, हा तिचा मोठा गुण. पण आता दुसरे पर्यायही आहेत:

- वेबपी: गुगलने २०१० मध्ये आणलेला फॉरमॅट. २५६ रंगांची अट नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे हलते स्टिकर यातच असतात: ५१२ बाय ५१२ पिक्सेल आणि जास्तीत जास्त ५०० केबी.
- एपीएनजी: हलतं पीएनजी. ज्या अ‍ॅपला ते कळत नाही तिथे निदान पहिली फ्रेम तरी दिसते. २०२५ मध्ये ते पीएनजीच्या अधिकृत नियमांत आलं.
- एमपी४: हा सरळ व्हिडिओच. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओतून 'जिफ' करून पाठवता, ती आतून आवाज काढलेली एमपी४ असते! ती बऱ्याचदा खऱ्या जिफपेक्षा खूपच लहान असते, कारण व्हिडिओ फॉरमॅट वस्तू कुठून कुठे सरकली तेवढंच लिहू शकतो. जिफला ते जमत नाही.

एफएफएमपेग हे सगळेच फॉरमॅट बनवू शकतं. स्टिकर हवा तर वेबपी, चॅटवर पाठवायचं तर एमपी४ आणि कुठेही उघडायला हवं तर जिफ.

पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर टाइप करताना बिचकायला होतं, ते साहजिक आहे. चार सेकंदांचा एखादा व्हिडिओ घेऊन बघा. एकदा कमांड जमली की ती नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा. पुढच्या वेळी फक्त फाइलचं नाव बदलायचं. ना जाहिरात, ना शिक्का, आणि व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये.