भाला घ्यावा म्हणते!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात सगळ्यांच्या वीकेंड प्लॅनची चर्चा. कुणी लोणावळा, कुणी पिक्चर, कुणी नुसतीच झोप. ‘तुझं काय?’ असा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, ‘भाला बघायला जातेय.’ दोन सेकंद शांतता. मग एकदम हशा. ‘कुणाला मारणार? बॉसला?’

हसा, हसा! पण तुमचे वडील रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला एकटे जात असतील आणि त्या उसात बिबट्या राहत असेल, तर तुम्हीही माझ्याबरोबर दुकानं पालथी घातली असती.

माझं गाव पुणतांबा. अहिल्यानगर जिल्हा, तालुका राहाता. दौंड-मनमाड लाइनवरचं जंक्शन, जिथून शिर्डीचा फाटा फुटतो. 2017च्या जूनमध्ये शेतकरी संप पुकारला तो आमच्याच गावानं, तेव्हा टीव्हीवर नाव ऐकलं असेल. गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. हो, तेच चांगदेव. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले ते! लहानपणी आम्हाला त्या वाघाचं भारी कौतुक. आता कॅनॉलच्या कडेला पंजाचे ठसे दिसतात तेव्हा कौतुक जरा कमी होतं.

आमचे आण्णा त्रेसष्टचे. ‘लाइट रात्रीची आहे’ हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय. शेतीची वीज आठवडाभर रात्रीची असली की दारं धरायला रात्रीच जायचं. बॅटरी, फावडं आणि खांद्यावर टॉवेल. बस्स. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बातम्या आल्या. बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आणि शेतात जाताना बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. तो फोटो बघितला आणि माझी झोप उडाली. आण्णांना फोन केला, तर म्हणाले, ‘आगं, तो त्याच्या वाटंनं जातो, मी माझ्या वाटंनं.’ झालं! म्हणजे जे काही करायचं ते मलाच.

शॉपिंग, पण जरा हटके

भालाच का? फंडा सिंपल आहे. चाकू, कोयता वापरायचा तर जनावर अंगावर यावं लागतं. भाला त्याला लांब ठेवतो. माणसानं हजारो वर्षं जनावरांशी व्यवहार केला तो याच अंतराच्या जोरावर.

बाजारात हल्लीचे भाले दोन-तीन तऱ्हांचे. एक, आखूड दांड्याचा आणि लांब पात्याचा. एकोणिसाव्या शतकात झुलूंच्या शाका राजानं गाजवला त्या धाटणीचा. दिसायला एकदम सही, पण तो जवळून भिडण्यासाठी. आपल्याला भिडायचंच नाहीये! दुसरा, रानडुकराच्या शिकारीचा युरोपियन भाला. याच्या पात्याखाली दोन आडवे कान असतात. घुसलेलं जनावर दांड्यावरून पुढं सरकत आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून. तिसरा, मैदानावरचा. नीरज चोप्रानं टोकियोत 2021 साली सोनं आणलं तो. पुरुषांचा 800 ग्रॅमचा, बायकांचा 600चा. तो फेकायला बनवलेला, कुणाला थोपवायला नाही. आणि मुळात भाला फेकला की आपण रिकाम्या हातांनी उभे! आपल्या मराठ्यांच्या विट्याला म्हणूनच लांब दोरी असायची. मनगटाला बांधायची, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. काय डोकं आहे बघा!

मी आधी स्वस्तातला एक घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही. घरी आणून जुन्या गादीत खुपसून बघितला. तिसऱ्या फटक्याला पातं गादीत आणि दांडा माझ्या हातात! तेव्हा कळलं की भाला घेताना आधी बघायचा तो सांधा. पात्याची नळी दांड्यावर घट्ट बसलेली हवी आणि स्क्रू किंवा खिळा आरपार हवा. हलवून बघा, जरा जरी खुळखुळला तरी ठेवून द्या.

बाकीचं थोडक्यात. लांबी आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. त्याहून लांब घेतला तर उसाच्या सरीत अडकतो. जाडी अशी की मुठीत धरल्यावर अंगठा आणि बोटं जेमतेम भेटावीत. दांडा लाकडी असेल तर रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच तिरप्या गेल्या तर तिथंच तुटतो. बांबू असेल तर भरीव हवा, कोकणातला माणगा असतो तसा. पोकळ बांबू दिसतो छान, पण फटक्यात चिरतो. आणि पात्याला म्यान हवंच. त्याशिवाय घरात आणूच नका.

कायद्याचंही ऐका. शस्त्र अधिनियम 1959 नुसार शेतीकामाची लाठी किंवा साधी चालायची काठी हे ‘शस्त्र’ नाही. पण 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे भाले सरकारी नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम 37चा मनाई आदेश लागू असेल, तर भालाच काय, काठी घेऊनही सार्वजनिक ठिकाणी फिरता येत नाही. त्यामुळे घेण्याआधी आपल्या पोलिस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं.

वस्ताद म्हणाले, आधी काठी

वस्तू घेतली म्हणजे ती येते असं नाही, हे जिमची मेंबरशिप घेणाऱ्या आपल्या पिढीला कुणी सांगायला नको! पुण्यात एका मैदानावर रविवारी सकाळी मर्दानी खेळ शिकवतात. तिथं गेले. दांडपट्टा, लाठी, फरी-गदगा सगळं सुरू होतं. दांडपट्ट्याला 2024 साली राज्यशस्त्राचा दर्जा मिळाल्यापासून पोरापोरींची गर्दी वाढलीय, असं वस्ताद म्हणाले. मी माझा नवा कोरा भाला पुढं केला. त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ‘ताई, तो ठेवा बाजूला. ही काठी घ्या.’

पहिले तीन रविवार नुसता पवित्रा. डावा पाय पुढं, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर. मागचा हात कमरेशी, तो जोर देतो. पुढचा हात सैल, तो दिशा देतो आणि काठी त्याच्यातून सरकते. टोक समोरच्याच्या छातीच्या रेषेत आणि ते तिथून हलू द्यायचं नाही. समोरचा डावीकडं सरकला की आपणही टोकासकट वळायचं. पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत, घसटत न्यायचे. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. दिवसभर माउस फिरवणारे हात ते!

मग मागं सरकायला शिकवलं. मला वाटलं होतं, भाला म्हणजे पुढं जायचं. वस्ताद म्हणाले, ‘पुढं कुणीही जातं. टोक समोर ठेवून, न पडता, न वळता मागं येता आलं पाहिजे.’ शेवटी सरावासाठी बोथाटी दिली. म्हणजे पात्याच्या जागी रंगात भिजवलेला कापडी गोळा असलेली काठी. पूर्वी घोडेस्वार याच्यावर भाल्याचा सराव करायचे. लागलं की कपड्यावर डाग पडतो. पहिल्या दिवशी घरी गेले तेव्हा माझ्या टी-शर्टवर नऊ डाग होते आणि समोरच्या कॉलेजकुमारीच्या अंगावर एकही नाही!

एक सांगते, वर्कआउट म्हणून हा प्रकार जाम भारी आहे. पाठ, पोट, खांदे, पाय, सगळं कामाला लागतं आणि डोकंही. तासभर मोबाइलची आठवण येत नाही.

रात्री दोनची परीक्षा

चार महिन्यांनी भाला घेऊन गावी गेले. आण्णांनी म्यान काढलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि ‘भारी हाये’ म्हणाले. त्या आठवड्यात लाइट रात्रीचीच होती. म्हटलं, आज मी पण येते.

मोटर सुरू झाली, पाणी सरीला लागलं. एका हातात बॅटरी, एका हातात भाला. वस्तादांनी शिकवलेला पवित्रा आठवला आणि लक्षात आलं, भाल्याला दोन हात लागतात! बॅटरी ठेवली तर दिसत नाही. दिसत नाही तर टोक कुणाकडं धरू? तेवढ्यात दार फोडायची वेळ आली. आण्णांनी भाला बांधावर आडवा ठेवला, फावडं घेतलं आणि वाकले.

पाठ उसाकडं, मान खाली, दोन्ही हात कामात.

मी गार पडले. माणसावर हल्ले झाले त्यातले कितीतरी वाकलेल्या, बसलेल्या माणसांवर, नाहीतर लहान मुलांवर झालेत. उभा माणूस बिबट्याला सहसा शिकार वाटत नाही, वाकलेल्या माणसाची उंची मात्र शेळी-कुत्र्याएवढीच. आणि तो येतो मागून, आवाज न करता. पन्नास-साठ किलोचं जनावर पाठीवर आल्यावर बांधावरचा भाला काय करणार? माझे चार महिने, नऊ डाग, सगळं त्या एका क्षणापुढं शून्य.

मी काठी उचलली आणि आण्णांच्या पाठीशी, उसाकडं तोंड करून उभी राहिले. बॅटरी उसावर. दोघंही मोठ्यानं बोलत राहिलो. आईच्या गुडघ्यांपासून माझ्या लग्नापर्यंत सगळे विषय झाले. दोन तासांत एकही बिबट्या दिसला नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, की आण्णा खरंच सेफ आहेत. भाल्यामुळं नाही, मागं माणूस उभं होतं म्हणून.

घरी येऊन थोडं वाचलं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या शेतीच्या भागात 100 चौरस किलोमीटरमागे साधारण पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे तो आपल्या शेजारी कधीचा राहतोय आणि बहुतेक रात्री आपल्याला टाळतोय. जुन्नरमध्ये पकडलेले बिबटे दुसरीकडं नेऊन सोडल्यावर संघर्ष वाढल्याचंही अत्रेय यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा भाला घेऊन त्याच्या मागं जाणं हा तर शुद्ध वेडेपणा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना बिबट्या जखमी झाला तर वन्यजीव कायद्यात तो गुन्हा नाही. पण हुडकून मारला तर नक्की आहे.

आता काय करतो आम्ही

भाला घरात आहे, म्यानात, माळ्यावर. शेतात जाते ती काठी. भरीव बांबूची, डोक्याएवढी, वर दोन घुंगरं बांधलेली. बाकी गोष्टी अशा:

- रात्री एकटं जायचं नाही. शेजारच्या तात्यांशी पाळी लावलीय. एक वाकतो, दुसरा पाठीशी उभा राहतो.
- हातातल्या बॅटरीऐवजी डोक्याला बांधायची बॅटरी. दोन्ही हात मोकळे!
- बोलत, गाणी लावत जायचं. मोबाइलचा स्पीकर इथं तरी कामाला येतो.
- बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, बसायचं नाही. उभं राहून, काठी पुढं धरून, ओरडत हळूहळू मागं यायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची.
- शेळ्या रात्री चारी बाजूंनी बंद गोठ्यात. घराजवळ उष्टं-खरकटं टाकायचं नाही, त्यानं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं तो.
- बिबट्या विहिरीत पडला किंवा कुठं अडकला तर गर्दी करायची नाही. वनविभागाचा 1926 हा नंबर लावायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठिबक करून घेतलं. आता सरीवर वाकायचं काम निम्म्याहून कमी झालंय. सौरपंपासाठी अर्ज केलाय, म्हणजे पाणी दिवसा देता येईल. भाल्यात घातले त्याच्या कितीतरी पट पैसे गेले, पण माझ्या झोपेसाठी एवढं चालतं!

मग भाला फुकट गेला का? अजिबात नाही. रविवारचा क्लास सुरूच आहे. परवा माझ्या टी-शर्टवर फक्त दोन डाग होते. गेल्या महिन्यात गावी गेले, तर आण्णा अंगणात काठी घेऊन उभे. डावा पाय पुढं, मागचा हात कमरेशी. मला बघून जरा लाजले आणि म्हणाले, ‘ते मागं कसं सरकायचं म्हणालीस, परत दाखव बरं.’