स्नायूची छटा मोजताना

निरोगी स्नायू सोनोग्राफीच्या पडद्यावर काळसर दिसतो. ड्यूशेनसारख्या स्नायूंच्या आजारात स्नायुतंतू झिजतात, त्यांची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. मग ध्वनिलहरी जागोजागी आदळून परततात आणि चित्र पांढुरकं होत जातं. १९८२ मध्ये लंडनच्या डॉ. हेकमॅट यांनी या पांढुरकेपणाच्या चार पायऱ्या ठरवल्या, पण त्या नजरेनं जोखायच्या. आता संगणक प्रत्येक ठिपक्याला ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा अंक देऊन सरासरी काढतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. लहान मुलांसाठी हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) जरा तिरका धरला किंवा यंत्राची सेटिंग हलली, तरी आकडा बदलतो. म्हणून दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे थेट ताडून पाहू नयेत.