बुवांच्या डोक्यावरचा दिवा

सकाळी ७.४०
बुधवार. मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून पुरता मांडलेला नाही. ताडपत्र्या अंथरल्या जातायत, पोती उलटी होतायत. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, पाने, साखळ्या, कुठल्याशा गाडीचे हेडलाइट. पुण्यातला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मिस्त्री म्हणतात, रविवारी गर्दी असते, बुधवारी माल असतो.

मिस्त्री गाड्यांचं वायरिंग करतात. मूळचे पाथर्डीकडचे, वय बावन्न. हडपसरला सासवडच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड, भाडं महिन्याला ९०००. आज त्यांना छताचा कन्सोल हवाय. पुढच्या काचेच्या वर, दोन सीटांच्या मधोमध असतो तो. दोन बाजूंना दोन दिवे, मध्ये चष्मा ठेवायचा कप्पा. गाडी २००८ ची इंडिका. तिच्या छताला मुळात फक्त एक दिवा आहे, तोही मधोमध.

सकाळी ८.०५
एका मावशींच्या ताडपत्रीवर तीन कन्सोल सापडले. एकाचं झाकण गेलेलं. दुसऱ्याला सनरूफची बटणं, आकार भलामोठा. तिसरा बिस्किटी रंगाचा, हातभर धूळ खाल्लेला, एक कान तुटलेला. मिस्त्रींनी तिसरा उचलला आणि आधी उलटा केला. पुढून सगळे बघतात, ते मागून बघतात.

मागे ‘एबीएस’ ही प्लास्टिकच्या जातीची अक्षरं उठवलेली होती. शेजारी शर्टाच्या बटणाएवढं घड्याळ. काठाने १ ते १२ आकडे, मध्ये ११ आणि एक बाण, बाण ७ वर. म्हणजे हा तुकडा जुलै २०११ मध्ये साच्यातून निघाला. मला हे माहीत नव्हतं. मिस्त्रींच्या दृष्टीने मात्र अक्षरं महत्त्वाची. “एबीएस असलं तर चिकटतं. पीपी असतं तर मी हात लावला नसता. त्याला काहीच धरत नाही.”

मावशींनी साडेचारशे सांगितले. मिस्त्रींनी तुटका कान दाखवला. “भवानीची वेळ आहे दादा, असं करू नका.” चारशे, साडेतीनशे. मिस्त्री दोन पावलं पुढे गेले. तीनशेला झाला. मावशींनी नोटा कपाळाला लावल्या.

सकाळी ९.५०
शेडमध्ये पोरगा झाडू मारून बसला होता. आयटीआय झालेला, लातूरकडचा, मिस्त्रींना मामा म्हणतो. हजेरी ४००. त्याने कन्सोल साबणाच्या पाण्यात बुडवला आणि जुन्या टूथब्रशने घासायला घेतला. चष्म्याच्या कप्प्यातून एक पेट्रोलची पावती निघाली, अक्षरं उडालेली.

सकाळी १०.१५
इंडिका आली. सासवडहून दिवे घाट उतरून. बुवा डाव्या सीटवर, मुलगा चालवतोय. बुवा कीर्तनकार आहेत. सप्ताहाच्या दिवसांत रोज एक गाव. जाताना गाडीत वही काढतात, अभंग आणि प्रमाणं एकदा नजरेखालून घालतात. रात्र असते. मधला दिवा लावला की पुढची काच पांढरी पडते, मुलाला रस्ता दिसत नाही. म्हणून इतके दिवस मोबाइलची बॅटरी एका हातात, वही दुसऱ्या हातात. चष्मा डॅशबोर्डवर, घाटाच्या प्रत्येक वळणाला खाली.

“नवी गाडी घ्या म्हणतात सगळे,” बुवा म्हणाले. “हिला काय झालंय?”

खरंच काही झालेलं नाही. इंडिका १९९८ च्या अखेरीला आली, इथेच पिंपरी-चिंचवडला बनायची, २०१८ मध्ये बंद झाली. ही दोन लाख किलोमीटर फिरलीय. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी केली, त्याचे ५००० वेगळे भरले. त्यानंतरची पाच वर्षं ती हक्काने रस्त्यावर आहे.

“मिस्त्री, रात्री नऊला जेजुरीच्या पुढे उभं राहायचंय.”

“सहाला सोडतो महाराज.”

सकाळी १०.४०
आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग सनव्हायझर, वरची हँडलं, काचेच्या कडेच्या खांबावरची प्लास्टिकची पट्टी. त्या पट्टीमागे हात घालण्याआधी मिस्त्री थांबून बघतात. नव्या गाड्यांत तिथे एअरबॅग असते, तिच्याजवळून वायर न्यायची नसते. या गाडीत नाही. क्लिपा सहा, त्यातल्या चार काढतानाच तुटल्या. सतरा वर्षांच्या उन्हाने प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं. पोराने न सांगता तुटलेल्या क्लिपा वाटीत टाकल्या, नवीन आणताना नमुना लागतो.

छताचं लायनिंग पुढून चार बोटं खाली आलं. आत पिवळा फोम. हात लावला की पीठ गळतं. पोराच्या पापण्यांवर बसलं.

सकाळी ११.३०
लायनिंगच्या वर पत्र्याची आडवी पट्टी आहे. काचेच्या मागे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. कन्सोलचं वजन तिनेच धरायचं. लायनिंगला लटकवला तर महिन्यात झोळी होते. मिस्त्रींनी दोन पत्र्याचे कोन कापले, वाकवले, पट्टीवर धरून खुणा केल्या.

आता भोक. आडव्या पट्टीच्या वर बोटभर जागा, आणि त्याच्या वर गाडीचं बाहेरचं छत. ड्रिल निसटलं तर छताला आतून टेंगूळ. मिस्त्रींनी ड्रिलच्या बिटला टोकापासून अर्ध्या इंचावर टेप गुंडाळला, चांगले सहा वेढे. टेप पत्र्याला टेकला की थांबायचं. चार भोकं पाडली. प्रत्येक भोकाच्या कडेला ब्रशने रंगाचा थेंब. तो कुणालाच दिसणार नाही. पण पावसाळ्यात पत्रा तिथूनच गंजायला लागतो.

दुपारी १२.१०
लायनिंग कापायचं. दिवसभरातलं हे एकच काम असं की चुकलं तर उलट फिरता येत नाही.

मिस्त्रींच्या खणात लग्नपत्रिका असतात, जाड कागदाच्या. त्यांनी कन्सोल पत्रिकेवर उलटा ठेवला, पेन्सिल फिरवली. त्या रेषेच्या आत आठ मिलिमीटरवर दुसरी रेषा. कापायचं ते आतल्या रेषेवर, कारण कन्सोलच्या काठाने तेवढं झाकलं जातं. कात्रीने साचा कापला. लायनिंगवर धरला. मागे जाऊन बघितलं, बाहेर येऊन समोरच्या काचेतून बघितलं. बुवांना बोलावलं, डाव्या सीटवर बसवलं, वही हातात घ्यायला लावली. साचा दोन बोटं मागे घेतला.

मग नवं पातं लावलं. तीन रुपयांचं. जुन्या पात्याने कापड ओढलं जातं, कडेला दोरे निघतात. एका दमात चारही बाजू. श्वाससुद्धा सोडला नाही. तुकडा हातात आला, तो त्यांनी खिशात ठेवला.

दुपारी १.२०
जेवण. भाकरी, मेथी, ठेचा. बुवा उपवासाचे नव्हते, बसले सोबत. मधल्या वेळात एक स्कूटर आली, टर्मिनल सैल होतं. पोराने आवळून दिलं. पन्नास.

दुपारी २.००
तुटलेला कान. स्क्रूचं भोक असलेला तो कोपरा जाड, त्याचा अर्धाच शिल्लक. मिस्त्री सांगतात ते ऐकून पोराने स्टेपलरच्या चार पिना सरळ केल्या. सोल्डरिंग आयर्न तापवून एकेक पिन प्लास्टिकवर ठेवायची, वरून टोक दाबायचं. पिन वितळत्या प्लास्टिकमध्ये रुतते. दोन उभ्या, दोन आडव्या. इमारतीच्या स्लॅबला गज घालतात तसं. वर खाण्याचा सोडा चिमूटभर, त्यावर फेव्हीक्विकचे थेंब. सोडा धुरला, क्षणात दगड झाला. पुन्हा सोडा, पुन्हा थेंब. तीन थर. कानसीने घासून बारीक ड्रिलने भोक.

पोराने नखाने टोचून बघितलं. “मामा, बाकीच्या तीन कानांपेक्षा हाच पक्का झाला.” मिस्त्रींनी मान हलवली. ते हसले नाहीत, पण पुढचं सोल्डर त्यांनी पोराला मारायला दिलं.

दुपारी २.५०
वायरिंग. मधल्या दिव्याच्याच वायरीला जोडून दिलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मिस्त्रींनी तसं केलं नाही. “जुन्या वायरवर ओझं नको.” डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सपासून वेगळी पॉझिटिव्ह ओढली. चार मीटर वायर, मीटरला पंधरा रुपये. सुरुवातीलाच वेगळा फ्यूज, तीन अँपिअरचा. बल्ब दोन, पाच-पाच वॅटचे; बारा व्होल्टला एक अँपिअरसुद्धा होत नाही. काही बिघडलं तर हा फ्यूज उडेल, बाकी गाडी चालू राहील.

वायर खांबातून वर गेली. दर वीतभर अंतरावर कापडी टेप, आणि जिथे पत्र्याची धार आहे तिथे रबरी नळीचा तुकडा. मधल्या दिव्याकडून फक्त दाराची वायर घेतली. या गाडीत दार उघडलं की दाराचं बटण अर्थिंग जोडतं, मग दिवा लागतो. कन्सोलच्या तीन पिनांत कुठली कशाची, ते मल्टिमीटर लावून शोधलं. बटण दाबायचं, बीप ऐकायचं, खडूने खूण.

बाहेर एक टेंपो येऊन उभा राहिला. हॉर्न वाजत नाही. “थांब जरा,” मिस्त्री आतूनच म्हणाले.

दुपारी ४.२०
कन्सोल चढला. चार स्क्रू. कोपऱ्यात फट राहिली होती, छताची गोलाई वेगळी. हीटगनने काठ नरम करून दाबला, फट गेली. बॅटरी जोडली. दार उघडलं, दिवे लागले. दार लावलं. दिवे तसेच.

पुढचे दोन आणि मधला एक. तिन्ही.

फ्यूज उडालेला नाही. मुलगा म्हणाला, चालतंय की, बटणाने बंद करू. मिस्त्री म्हणाले, “आज विसरलात तर उद्या सकाळी बॅटरी मेलेली.” त्यांनी पाठ टेकवली, सीट पूर्ण मागे पाडली आणि छताकडे बघत पडून राहिले. दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

“तिन्ही लागलेत म्हणजे सगळ्यांचं मिळून जे एक आहे ते बॉडीला लागलंय. दाराची वायर.”

चारही स्क्रू उघडले. डावीकडचा मागचा स्क्रू कोनाच्या आत दाराच्या वायरीवरच बसला होता. वरचं आवरण तांदळाएवढं चिरलेलं, आत तांब्याची चमक. पॉझिटिव्ह वायर असती तर फ्यूजने सांगितलं असतं. ही अर्थिंगची बाजू, ती गुपचूप दिवा लावून ठेवते. वायर तिथे पोराने बसवली होती. मिस्त्रींनी त्याला जवळ बोलावलं, चीर दाखवली, एवढंच. त्याने स्वतः ती तोडली, नवं जोडलं, वर नळी चढवून गरम केली आणि दोन इंच बाजूला टेपने बांधली.

पुन्हा चार स्क्रू. त्याआधी मिस्त्रींनी खिशातला लायनिंगचा तुकडा काढला, चार पट्ट्या कापल्या, कोन आणि कन्सोलच्या मध्ये दाबल्या. खड्ड्यात खडखड होऊ नये म्हणून. दार लावलं. तिन्ही दिवे गेले.

संध्याकाळी ५.३०
क्लिपा, पट्ट्या, हँडलं, सनव्हायझर. व्हायझर खाली-वर करून बघितला, कप्प्याला लागत नाही. आरसाही सगळीकडे फिरतो. कन्सोल बिस्किटी, छत राखाडी. रंग मारायचा का विचारलं. स्प्रेचा डबा अडीचशेचा. बुवा म्हणाले, “रात्रीच बघायचंय ते. राहू द्या.”

हिशेब पोराने लिहिला. कन्सोल ३००, वायर ६०, फ्यूज होल्डरसकट ४०, बल्ब ३०, क्लिपा ६०. मजुरी १२००. एकूण १६९०. कन्सोल घेतला त्याच भावात लावलेला. सकाळच्या पेट्रोलचे शंभर, सोडा, फेव्हीक्विक, पातं, हे कागदावर कुठेच नव्हतं. बुवांनी १७०० दिले आणि पोराच्या हातावर वेगळे पन्नास ठेवले.

संध्याकाळी ६.०५
बुवा डावीकडे बसले. डोळ्यांवरचा चष्मा काढून कप्प्यात ठेवला, झाकण लावलं, उघडलं, चष्मा परत लावला. वही मांडीवर. डाव्या दिव्याचं बटण दाबलं. बाहेर अजून उजेड होता, तरी पानावर ताटलीएवढा पिवळा गोल दिसला. मुलाने समोरच्या काचेतून बघितलं. काच स्वच्छ.

“उतरताना तो दिवा हाताने बंद करा महाराज,” मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाले.

“दार लावलं की जातो ना?”

“दाराचा जातो. वाचायचा नाही जात. तो तुमच्याच हातात आहे.”

बुवांनी बटण दाबून दिवा घालवला, पुन्हा लावला. गाडी सासवडच्या बाजूला वळली.

टेंपोवाला तीनपासून थांबलाय. पोराने तोवर बॉनेट उघडून हॉर्नची वायर हातात घेतली होती.