दीड किलोच्या बाळाला लेझर कशासाठी? आरओपी समजून घेऊया

डोळ्याचं लेझर म्हटलं की आपल्या डोक्यात येतं ते चष्मा घालवायचं ऑपरेशन. पण डोळ्याचं आणखी एक लेझर असतं आणि त्याचा पेशंट असतो जेमतेम एक-दीड किलो वजनाचं, महिना-दोन महिन्यांचं बाळ. इथे चष्म्याचा प्रश्नच नसतो. हे लेझर वेळेत झालं नाही, तर बाळाची नजर कायमची जाऊ शकते. आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आरओपी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाच तो होतो.

आईच्या पोटात साधारण १६व्या आठवड्यापासून बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, रक्तवाहिन्या पसरायला लागतात. त्या मधून निघतात आणि कडेपर्यंत पोहोचायला जवळपास पूर्ण नऊ महिने घेतात. आपल्या नाशिककडच्या भाषेत सांगायचं तर द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या टाकायचं काम समजा. बाळ ३०व्या आठवड्यातच जन्मलं, की हे काम अर्धवट राहतं. कडेच्या ओळी कोरड्याच. मग तिथल्या पेशी ऑक्सिजन मिळत नाही म्हणून व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतात. 'इकडे रक्त पाठवा' असा तो निरोप. निरोप जास्त झाला की घाईघाईत वेड्यावाकड्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या गळतात, त्यांचे व्रण तयार होतात आणि ते व्रण पडद्याला ओढतात. शेवटी पडदा सरकतो.

ऑक्सिजनचा यात मोठा हात आहे. कोविडमध्ये बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घराघरात आलं आणि ९८-९९ दिसलं की आपण खूश व्हायचो. पण ऑक्सिजनवर ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आकडा डॉक्टर साधारण ९० ते ९५ च्या मधेच ठेवायचा प्रयत्न करतात. कारण जास्त ऑक्सिजनमुळे वाहिन्यांची वाढ थांबते. म्हणजे बाळाजवळच्या मशीनचा अलार्म आकडा वर गेल्यावरही वाजतो, आणि तो वाजायलाच हवा. अर्थात ऑक्सिजन टाळता येत नाही. तो नसेल तर बाळ जगणारच नाही.

लेझर नेमकं काय करतं?

बऱ्याच जणांना वाटतं, लेझरने खराब वाहिन्या जाळतात. तसं नाही. लेझर मारतात ते कडेच्या कोरड्या भागावर, जिथे वाहिन्या पोहोचल्याच नाहीत. निरोप पाठवणाऱ्या पेशीच बंद केल्या की वेड्यावाकड्या वाहिन्या आपोआप आटतात. कडेची थोडी नजर सोडून द्यायची आणि चेहरे ओळखणारी, अक्षरं वाचणारी मधली नजर वाचवायची, असा हा सौदा आहे. माझ्या मते चांगलाच सौदा.

डॉक्टरांच्या डोक्यावर हेडलॅम्पसारखं यंत्र असतं, हातात भिंग. बाहुली आधीच थेंब टाकून मोठी केलेली असते. लेझर त्याच यंत्रातून येतं. बऱ्याच ठिकाणी ते ८१० नॅनोमीटरचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं असतं, त्यामुळे नेम धरायला सोबत लाल ठिपका लागतो. एका डोळ्यात असे शेकडो, कधी हजाराच्या वर ठिपके द्यावे लागतात, तेही सारख्या हलणाऱ्या, श्वास अडकू शकणाऱ्या बाळाच्या डोळ्यात. म्हणून शेजारी बाळांचे डॉक्टर किंवा भूलतज्ज्ञ हवेतच.

तीस दिवसांचं गणित

आरओपीत डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. बाहेरून डोळा एकदम नॉर्मल दिसतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी दिसू शकते, पण तोपर्यंत बहुतेक वेळा पडदा सरकलेला असतो. त्यामुळे मोबाइलच्या भरवशावर राहू नका, पडदा तपासूनच घ्या. भारतातल्या सरकारी नियमानुसार ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. आजार लेझरच्या टप्प्यावर असेल, तर उपचार ४८ ते ७२ तासांत.

आता नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरचं बाळ जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे लोक ज्याला 'काचेच्या पेटीत ठेवलंय' म्हणतात तिथे, काही आठवडे राहतं. वजन वाढतं, सुट्टी मिळते, घरचे आनंदात परततात. पंचविसावा-तिसावा दिवस येतो तेव्हा आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला गेलेले असू शकतात. धडधाकट दिसणाऱ्या बाळाला घेऊन, मजुरी बुडवून, परत शहरात कशाला जायचं? हा प्रश्न त्यांच्या जागी आपल्यालाही पडला असता.

यावर कर्नाटकात एक मस्त तोडगा निघाला. बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये 'किड्रॉप' सुरू केलं. तंत्रज्ञ खास कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या एनआयसीयूत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि शहरातले तज्ज्ञ ते मोबाइलवर बघून सांगतात. डॉक्टर कमी, अंतर जास्त, तिथे हाच मार्ग खरा उपयोगी.

तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर एक काम करा. डिस्चार्ज कार्डचा फोटो काढा, त्यावर आरओपी तपासणीची तारीख आहे का बघा. नसेल तर विचारा. रिमाइंडर लावताना दिवस जन्मापासून मोजा, सुट्टी मिळाल्यापासून नाही. इथेच गडबड होते. खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे, जिल्हा रुग्णालयात त्याबद्दल चौकशी करा.

पहिल्या तपासणीत 'सगळं ठीक' म्हटलं तरी वाहिन्या कडेपर्यंत पोहोचेस्तोवर दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. हल्ली काही बाळांना लेझरऐवजी डोळ्यात इंजेक्शनही देतात. ते व्हीईजीएफलाच अडवतं आणि पटकन होतं, पण आजार काही आठवड्यांनी परत उलटू शकतो, म्हणून त्यानंतरच्या फेऱ्या उलट जास्त काळ चालतात. आणि हो, लेझर झालेल्या मुलांना पुढे जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे दूरचं धूसर, जवळचं स्पष्ट. त्यासाठी शाळेत जायच्या आधीपासूनच दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात.