लाईन गेली तरी चालणारी प्रयोगशाळा

सायबर सुरक्षा शिकायला मेहकर-लोणारच्या मुलाला आता पुण्यात खोली घ्यावी लागत नाही. आयआयटी खरगपूरचे प्रा. इंद्रनील सेनगुप्ता यांचा बारा आठवड्यांचा ‘एथिकल हॅकिंग’ हा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट आहे. पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं तर. स्वाध्यायाला २५ टक्के, परीक्षेला ७५. शिकवणं चोख आहे, पण स्वाध्याय मुख्यतः पर्याय निवडण्याचे. या विषयात बरोबर पर्याय ओळखणं वेगळं आणि हाताने काम जमणं वेगळं.

‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा खेळ पाहा. एका पायरीचा पासवर्ड शोधला की पुढची पायरी उघडते. सुरुवातीलाच पासवर्ड एका फाइलमध्ये असतो आणि त्या फाइलचं नावच ‘-’. मुलगा फाइल वाचून दाखवणारी ‘कॅट’ ही आज्ञा लिहून पुढे ती रेघ देतो आणि पडदा नुसता थांबून राहतो. ‘कॅट’ या रेघेचा अर्थ ‘कीबोर्डवरून येईल ते वाच’ असा लावतं आणि वाट बघत बसतं. नावाआधी डॉट आणि स्लॅश दिला, म्हणजे ‘याच फोल्डरमधली’ असं सांगितलं, की फाइल उघडते. व्हिडिओत हे दहा सेकंदांत सांगून होतं आणि तितक्याच लवकर विसरलंही जातं.

हाताने करून शिकायची अशी प्रयोगशाळा आपल्याकडे उभी करायची, तर पहिला प्रश्न यंत्राचा. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे वेनलियांग डू यांचे ‘सीड लॅब्स’ नावाजलेले आहेत, पण ते घरी चालवायचे तर काही जीबींचं आभासी यंत्र उतरवावं लागतं. चार जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. म्हणून सगळं जड काम सर्व्हरवर ठेवायचं आणि प्रत्येकाला तिथे स्वतंत्र कंटेनर द्यायचा. कंटेनर सर्व्हरचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वापरतो, त्यामुळे क्षणात सुरू होतो, बिघडला तर पुसून नवा देता येतो. (धडा कर्नलवरच्या हल्ल्याचा असेल तर मात्र आभासी यंत्राला पर्याय नाही.) घरी फक्त मजकुराचा टर्मिनल येतो, तासाभराच्या व्हिडिओला शेकडो एमबी लागतात, त्यापुढे हा डेटा नगण्य. सत्र सर्व्हरवर चालू ठेवणाऱ्या ‘टीमक्स’ या प्रोग्रॅममध्ये ठेवलं तर लाईन गेली, नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं काम जागच्या जागी असतं.

उत्तर तपासायला ‘फ्लॅग’, म्हणजे लपवलेली अक्षरांची ओळ. ती सगळ्यांना एकच दिली, तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारच. विद्यार्थ्याचा आणि प्रश्नाचा क्रमांक घेऊन सर्व्हरने स्वतःच्या गुप्त किल्लीने प्रत्येकाची वेगळी ओळ काढावी. मग उसनी ओळ चालत नाही, शिवाय ती कोणाकडून आली तेही कळतं.

कंटेनरमधून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी वाट बंदच हवी. उत्साहाच्या भरात कुणी परवानगीशिवाय एखाद्या खऱ्या संस्थेच्या सर्व्हरमध्ये शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली, हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा ठरला तर, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही.

भाषेचं काम अर्धं झालेलं आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे छोटे पाठ मराठीतून आहेत, बघत बघत सोबत करायचे, अशीच त्यांची रचना. ते पहिल्या पायऱ्यांना जोडावेत. आज्ञा इंग्रजीतच राहू द्याव्यात, सूचना मराठीत.

आणि नोंदी वाचाव्यात. कोणत्या पायरीवर किती जण थांबले, थांबण्याआधी त्यांनी काय टाइप केलं, हे सर्व्हरला कळतं. याची कल्पना मुलांना आधी द्यावी. निम्मा वर्ग एकाच जागी अडला असेल तर मुलांना मठ्ठ ठरवण्याआधी त्या पायरीची सूचना पुन्हा लिहावी आणि पुढच्या तुकडीला तीच द्यावी.