पुढे पाय टाकलेली मोटारसायकल : रूप आणि रचना

मोटारसायकलीवर माणूस बसतो तो घोड्यावर बसल्यासारखा. याचे कारण यंत्रशास्त्रात शोधू गेल्यास सापडणार नाही. ते इतिहासात आहे. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात एंजिन बसवले, तेव्हा त्या गाडीला नावच ‘राइटवागेन’, म्हणजे स्वारीची गाडी, असे पडले. घोडा गेला, खोगीर मात्र राहिले.

या बैठकीला आक्षेप घेणारी मंडळी मधूनमधून निघतात. स्वाराने आरामखुर्चीत बसावे तसे खाली, पाठ टेकून, पाय पुढे करून बसावे असे त्यांचे म्हणणे. ऐकणाऱ्याला ही चैन वाटते. पण त्यामागे गणित आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायचा, तर वाऱ्यापायी आठपट शक्ती खर्ची पडते. ताठ बसलेला स्वार म्हणजे वाऱ्यापुढे आडवे धरलेले सूपच. तोच मागे रेलला आणि त्याच्याभोवती निमुळते कवच घातले, की वारा न फाटता मागे जाऊन मिळतो.

हे जगाला दाखवले एका चित्रकाराने, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. गुस्ताफ आडोल्फ बाउम याने एनएसयू या जर्मन कंपनीसाठी जवळजवळ निजून चालवण्याची, माशाच्या आकाराची बुटकी गाडी आखली. लोक तिला उडती झोळी म्हणत. १९५४ साली तिने लहान एंजिनांचे विक्रम मोडले. १९५५ साली चाचणीच्या वेळी अपघात होऊन बाउम गेला. परंतु पुढच्याच वर्षी अमेरिकेत बॉनव्हिलच्या खारट मैदानावर त्याच्याच आराखड्याच्या गाडीतून म्यूलर या स्वाराने अवघ्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनावर ताशी सुमारे २४० किलोमीटर वेग गाठला. आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलीचे एंजिन साधारण याच मापाचे असते!

मग सगळ्याच गाड्या अशा का नाहीत? फायदा फुकट मिळत नाही म्हणून. तळहातावर काठी तोलून पाहा : लांब काठी सावकाश कलते, पेन्सिल झटकन पडते. बुटकी गाडी पेन्सिलीच्या जातीची. मंद वेगात तिला सावरताना स्वाराला चपळाई लागते. उलट जोरात ब्रेक दाबला, तर उंच गाडी पुढे उलथू पाहते आणि बुटकी जमीन धरून राहते. खड्डा आला की नेहमीचा स्वार पायांवर उठतो. रेललेल्याला ती सोय नाही, त्याच्या मणक्याची काळजी स्प्रिंगांनीच घ्यायची. शिवाय १९५८ पासून पुढचे चाक झाकणारी कवचे आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंद झाली, आणि जे शर्यतीत दिसत नाही ते दुकानातही खपत नाही.

पाय पुढे असणे लोकांना नको आहे, असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेची क्रूझर घ्या, किंवा आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीने २००५ साली आणलेली अव्हेंजर घ्या. पाय पुढे आहेत, पण धड ताठ आणि छाती वाऱ्याला उघडी. रमतगमत जाणाऱ्याला ती सुखाची, यात शंका नाही. वाऱ्याच्या हिशेबात तिने काहीच मिळवले नाही. तेथे पाय पुढे गेले ते ऐटीसाठी, बाउमकडे गेले ते पाठ मागे न्यायची होती म्हणून.

बाउमची बैठक रोजच्या रस्त्यावर आणण्याचा धीट प्रयत्न इंग्लंडमध्ये माल्कम न्यूएल आणि केन लीमन यांनी केला. १९७५ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांची ‘क्वेझार’ तयार होऊ लागली. डोक्यावर छप्पर, पुढे काच, काचेवर वायपर. एंजिन रिलायंट कंपनीच्या तीनचाकी मोटारीचे, ८४८ घनसेंटिमीटरचे, चाळीसेक अश्वशक्तीचे. एवढ्याशा ताकदीवर ती अवजड गाडी ताशी १६० किलोमीटरच्या आसपास पळे, आणि पावसात स्वार बराचसा कोरडा राही. किंमत मात्र भारी होती. पण माझ्या मते खरी अडचण निराळीच. ती मोटारीसारखी दिसेना आणि मोटारसायकलीसारखीही दिसेना. तिच्यात बसलेला माणूस शूर दिसत नसे. आठ वर्षांच्या आत काम थांबले. तोवर तयार झालेल्या गाड्यांची संख्या वीस-बावीसच्या पुढे गेली नव्हती.