बैल फिरला तरी बैलच

तान्ह्या पोळ्याला आर्णी गावातली एखादी पोर लाकडी बैल ओढत निघते. बैलाचं तोंड डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, बैल बैलच राहतो. ही ओळख मेंदूने लाखो वर्षांत कमावली आहे. मग ती पोर शाळेत जाते आणि तिथे ३ चं तोंड फिरवलं की जवळजवळ ६ होतो! तोंड फिरवताच निराळी होणारी दुसरी कुठली वस्तू तिने आजवर पाहिली असेल?

लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. मेंदूत वाचनासाठी जन्मतः राखलेली जागा नाही. स्तानिस्लास देहान हे फ्रेंच शास्त्रज्ञ सांगतात की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच डावीकडचा एक तुकडा आपण अक्षरांच्या कामाला जुंपतो. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली, तर मेंदूच्या खोल, प्राचीन भागांतही बदल दिसले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा कितीतरी वेळ नुसती बाराखडीकडे पाहत बसले होते.

कारण बाराखडी दिसते तितकी सरळ नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, तिचा उच्चार मात्र क नंतर. ‘सूर्य’ मधला र ऐकू येतो य च्या आधी, आणि बसतो य च्या डोक्यावर. उलटसुलट अक्षरं सुरुवातीला बरीच मुलं काढतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची खरी अडचण बहुधा त्याहून खोल असते. शब्दातले आवाज सुटे करून त्यांची अक्षरांशी गाठ मारणं त्याला फार जड जातं. बुद्धी शाबूत असते, कष्टही कमी नसतात. आकड्यांचंही बाराखडीसारखंच. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला तो बदल मुलांच्या बाजूचा वाटला.

एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकत नसलेल्या चंचल मुलांची, गोष्ट वेगळी. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की या मुलांच्या मेंदूची साल त्याच क्रमाने पक्व होते, पण सरासरी तीन वर्षं उशिरा. साडेसातचा टप्पा साडेदहाला. लक्ष धरणाऱ्या, हात आवरणाऱ्या पुढच्या भागात हा उशीर सर्वांत ठळक. ‘नीट बस’ हे वाक्य अशा मुलाला दिवसातून किती वेळा ऐकावं लागत असेल!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिलं. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळू शकतात. पण त्याआधी नेमकी पारख हवी. आर्णीच्या परिसरात घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणारं लेकरू मराठी पुस्तकापुढे अडखळलं, तर तो डिस्लेक्सिया की नवखी भाषा? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत बनवली, ती याच पेचातून. गोरमाटी, कोलामी त्यात नाहीत.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना शिकवण्याची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. अक्षर पाहायचं, त्याचा आवाज मोठ्याने काढायचा आणि त्याच वेळी बोटाने वाळूत गिरवायचं. डोळा, कान, बोट एकत्र. पणजोबांची धूळपाटी आठवा.